किर्गिझ डोंगरांतली गावं आणि जायलो: निघण्याआधी पडणारे प्रश्न

किर्गिझस्तान म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना एमबीबीएसला गेलेला कुणाचा तरी भाचा नाहीतर पुतणी आठवते. मुलांना भेटायला गेलेले आईवडील बिश्केकमध्ये चार दिवस राहतात, कॉलेज बघतात आणि परत येतात. डोंगरातली गावं मात्र तिथून तीन-चार तासांवर असतात. माझ्या दोन फेऱ्या झाल्यापासून ओळखीतले, ओळखीच्यांच्या ओळखीतले असे बरेच जण फोन करतात. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे.

गाव बघायला जायचं की जायलो? आणि जायलो म्हणजे काय?

जायलो म्हणजे उन्हाळी कुरण. बर्फ वितळलं की मेच्या अखेरीपासून जूनपर्यंत कुटुंबं मेंढ्या, गाई, घोडे घेऊन वर चढतात, गवत संपेपर्यंत तंबूत राहतात आणि सप्टेंबरात खाली गावात उतरतात. त्यामुळे जुलैत गावात गेलात तर अर्धी घरं रिकामी दिसतील. घरात एखादी आजी, अंगणात बटाट्याचे वाफे आणि साखळीला कुत्रा. माणसं वर असतात.

एक गोष्ट मला तिथे गेल्यावरच उमगली. किर्गिझ भाषेत गावाला ‘आयिल’ म्हणतात, पण या शब्दाचा जुना अर्थ एकत्र फिरणाऱ्या तंबूंचा समूह असा होता. बहुतेक डोंगरी किर्गिझ गावं पक्की झाली ती सोव्हिएत काळात, १९३०च्या दशकात भटक्या पशुपालकांना सामुदायिक शेतीत बसवलं तेव्हा. म्हणून रस्ते पट्टी ठेवून आखल्यासारखे सरळ असतात, मधोमध शाळा आणि सभागृह असतं, कुठे कुठे लेनिनचा पुतळाही अजून उभा असतो. प्राचीन गल्लीबोळ आणि दगडी चिरेबंदी घरं शोधत गेलात तर हिरमोड होईल. जुनं जे काही आहे ते वर, कुरणावर आहे.

तेव्हा दोन्ही बघा, पण रात्री जास्त वर काढा.

किती दिवस काढावेत?

आठ दिवस असतील तर एक खोरं. बारा-चौदा असतील तर दोन. पहिल्या वेळी मी सात दिवसांत तीन ठिकाणं बसवली होती. त्यातला जवळजवळ एक अख्खा दिवस एका शेअर टॅक्सीत चौथा प्रवासी येण्याची वाट बघण्यात गेला. देश छोटा आहे, सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दोन-तृतीयांशाहून थोडा कमी. पण नव्वद टक्क्यांहून जास्त भूभाग डोंगराळ आहे. नकाशावर वीतभर दिसणारं अंतर घाट चढून-उतरून दिवस खातं.

कोणता महिना?

जुलै आणि ऑगस्ट. जूनमध्ये फुलं असतात, पण उंचावरचे काही घाट उशिरा उघडतात. एक बारीक गोष्ट: तिथे शाळा साधारण सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडतात. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात शाळकरी मुलं आया किंवा आज्यांबरोबर खाली जातात आणि जायलो एकदम शांत होतं. शांतता हवी असेल तर तेव्हा जा. पोरांचा गलका हवा असेल तर आधी.

बर्फ मात्र कधीही पडू शकतं. सोन-कुल नावाच्या उंचावरच्या तळ्याकाठी जुलैच्या मध्यावर सकाळी तंबूचं दार उघडलं तर बाहेर पांढरं, आणि मेंढ्या त्यातच खुरांनी उकरून चरत होत्या. तासा-दोन तासांत सगळं वितळलं.

इतक्या दऱ्याखोऱ्यांतून निवडायचं कसं?

पहिल्यांदा जाणार असाल तर कोचकोर आणि सोन-कुल. हे सरधोपट उत्तर आहे, पण खरं आहे. कोचकोर हे बिश्केकपासून तीन-चार तासांवरचं बाजाराचं गाव. नावाचा अर्थ एडका. तिथून पुढे कीझार्त नावाच्या खेड्यातून घोड्यावरून दोन दिवसांत सोन-कुल गाठता येतं, मधली एक रात्र किलेम्चे नावाच्या कुरणावर. सोन-कुल हे ३,०१६ मीटरवरचं तळं. काठावर एकही झाड नाही. हिवाळ्यात ते गोठतं आणि माणसं निघून जातात. गाडीनेही वर जाता येतं, पण मग घाटाच्या माथ्यावर घोडा थांबतो आणि खाली तळ्याचा निळा पट्टा पहिल्यांदा दिसतो, तो क्षण हुकतो.

गर्दी नको असेल तर कीझील-ओय. सुसामीर आणि जुमगाल या दोन खोऱ्यांच्या मधल्या घळीत कोकोमेरेन नदीकाठी वसलेलं हे गाव. घरांची माती तांबडी, मागचे कडेही तांबडे. इथे बघण्यासारखं ‘स्थळ’ असं काहीच नाही, म्हणूनच मला आवडलं. संध्याकाळी गुरं परततात तेव्हा प्रत्येक गाय आपापल्या फाटकाशी थांबते, हा तिथला एकमेव कार्यक्रम.

पूर्वेला काराकोल शहराच्या पलीकडे जिरगालान आहे. ते मूळचं कोळशाच्या खाणीचं गाव. खाणकाम आटल्यावर गाव ओस पडत होतं. आता उन्हाळ्यात ट्रेकिंग आणि हिवाळ्यात स्कीइंग यांवर सावरलं आहे. पायी चालणाऱ्यांसाठी उत्तम.

दक्षिणेला अलाय खोरं, तिथलं सारी-मोगोल गाव. गावासमोर ७,१३४ मीटरचं लेनिन शिखर भिंतीसारखं उभं असतं. गावच जवळपास तीन हजार मीटरवर असल्यामुळे थंडी आणि वारा दोन्ही सडकून. इथे पहिल्याच दिवशी येऊ नका, ओश शहरातून टप्प्याटप्प्याने या.

नारीन भागात ताश-रबात आहे. एका अरुंद खोऱ्यात, ३,२०० मीटरच्या आसपास, पंधराव्या शतकातली दगडी सराई. चीनकडून येणारे व्यापाऱ्यांचे तांडे इथे थांबत. आत थंडगार अंधार आणि घुमटातून पडणारा उजेडाचा एक झोत. अर्धा तास पुरतो, पण मुक्काम करा, कारण मागचं खोरं चालण्यासारखं आहे.

अर्सलानबोब बऱ्याच जणांच्या यादीत असतं. अक्रोडाचं एवढं मोठं नैसर्गिक जंगल जगात क्वचितच कुठे असेल. सप्टेंबर-ऑक्टोबरात सगळं गाव अक्रोड वेचायला रानात जातं. फक्त लक्षात ठेवा, तिथले लोक मुख्यतः उझबेक आहेत, पिढ्यान्‌पिढ्या गावकरी आणि बागायतदार. किर्गिझ पशुपालकांचं जीवन बघायला म्हणून तिथे जाऊ नका, अक्रोडासाठी जा.

ही नावं लक्षात कशी ठेवायची?

फोडून वाचायची. आक म्हणजे पांढरा, कारा काळा, कीझील तांबडा, सारी पिवळा. सू म्हणजे पाणी, कोल (रशियन वळणाने कुल) तळं, ताश दगड, ‘तो’ डोंगर, आशू घाट. सारी-ताश म्हणजे पिवळा दगड, आक-सू पांढरं पाणी, इसिक-कुल ऊन पाण्याचं तळं. ते १,६०७ मीटरवर असूनही हिवाळ्यात गोठत नाही. आपल्या काळदरी-पांढरेवाडीसारखाच प्रकार. चार-पाच शब्द आले की नकाशा बोलायला लागतो.

इंग्रजी चालतं का?

शहरात थोडंफार. गावात किर्गिझ आणि रशियन. लिपी सिरिलिक आहे, ती विमानातच शिकून घ्या. दोन तासांचं काम आहे आणि गाडीची पाटी वाचता येते. फारसी-अरबीतून आलेले बरेच शब्द आपल्या ओळखीचे निघतात: दुकान ‘दुकोन’, साबण ‘सामिन’, किताब ‘कितेप’, चहाची वाटी ‘पियाला’.

थोरल्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. वयाने मोठी बाई ‘एजे’, म्हणजे ताई. मोठा पुरुष ‘बायके’, म्हणजे दादा. होय, बायके. आमच्या गटातल्या एका काकांना घोडेवाल्याला ‘बायके’ म्हणून हाक मारताना पहिले दोन दिवस हसू आवरत नव्हतं, आणि काकूंना तर मुळीच नाही. धन्यवादाला ‘रहमत’, छान म्हणायला ‘जाक्शी’. एवढ्यावर आठवडा निघतो.

पोचायचं कसं?

बिश्केकच्या पश्चिम बसस्थानकातून मार्शरुत्का म्हणजे मिनीबस आणि शेअर टॅक्सी निघतात. वेळापत्रक नसतं, भरली की सुटते. सकाळी आठच्या आत पोचा. मोठ्या गावापर्यंत हे चालतं. पुढे खेड्यापर्यंत किंवा जायलोपर्यंत गाडी सांगावी लागते. कोचकोर, नारीन, काराकोल अशा ठिकाणी ‘सीबीटी’ या स्थानिक लोकांच्या पर्यटन संस्थेची कार्यालयं आहेत. घरगुती मुक्काम, घोडा, वाटाड्या असं सगळं तिथे ठरवता येतं. बराचसा पैसा गावातच राहतो, शिवाय भाव लेखी असल्यामुळे घासाघीस टळते.

आयुष्यात कधी घोड्यावर बसलो नाही. जमेल का?

माथेरानला बसला असाल तरी तो अनुभव विसरा, आणि बसला नसाल तरी घाबरू नका. तिथले घोडे बुटके, शांत आणि डोंगरात वाढलेले असतात. वाट त्यांना तुमच्याहून चांगली कळते. ‘चू’ म्हटलं की चालतो. अवघड उतारावर लगाम ओढून त्याला शिकवायला जाऊ नका, मान मोकळी सोडा. तो एकेक पाऊल चाचपून टाकतो.

त्रास घोड्याचा नाही, गुडघ्यांचा. रिकिबी आखूड असतील तर दोन तासांत गुडघे बोलायला लागतात. निघतानाच उतरून त्या लांब करून घ्या, संकोच करू नका. जीन्स नको, शिवण मांडीला घासते. दर तासाला दहा मिनिटं उतरून चाला.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उपाशी नाही, पण कंटाळाल. हा देश मांसावर जगतो, आणि तीन हजार मीटरवर पिकतं तरी काय? पाहुण्याचा मान म्हणजे मेंढी कापणं. मेंढीचं डोकं सर्वांत मानाच्या पाहुण्यापुढे ठेवतात. बेशबार्माक या पदार्थाच्या नावाचा अर्थच ‘पाच बोटं’. उकडलेलं मांस आणि शेवया हाताने खायच्या.

मुक्काम ठरवतानाच सांगून ठेवा, ऐन जेवणाच्या वेळी नको. ‘मेन एत जेबेइम’, मी मांस खात नाही. बहुतेक वेळा समोर येईल ते असं: बटाटा-गाजराचं सूप, तळलेले बटाटे, काकडी-टोमॅटो, नान, घरचा रासबेरीचा मुरंबा, लोणी आणि कायमाक. कायमाक म्हणजे दाट साय; नानवर कायमाक आणि त्यावर मुरंबा हा एकच पदार्थ मी आठ दिवस आनंदाने खाल्ला. बोरसोक म्हणजे तळलेले कणकेचे तुकडे, बिनसाखरेच्या शंकरपाळ्यांचे फुगलेले भाऊ. सुझमो म्हणजे थेट आपला चक्का. श्रीखंडाचा विचार मनात आला होता, पण वेलदोडे आणले नव्हते.

सुपात मांसाचा तुकडा नसला तरी पाणी मांस उकडल्याचं असू शकतं. ते चालणार नसेल तर स्पष्ट विचारा, आणि तरीही पूर्ण खात्री धरू नका. कडक पथ्य असेल, जैन जेवण लागत असेल, तर मेतकूट, चटण्या, झटपट पोहे-उपमा, खाकरे सोबत हवेतच. गरम पाणी कुठेही मागा, मिळतं.

किमिझ प्यावं का?

किमिझ म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध. पातळ, आंबट, थोडं धुरकट. एक-दोन टक्के मद्यार्क असतो. शिंगराला आधी थोडं पाजून, मग त्याला आईजवळच बांधून घोडीची धार काढतात, तीही दिवसातून चार-सहा वेळा, कारण तिची कास लहान. दूध चामड्याच्या पिशवीत किंवा लाकडी पिंपात ओतून लाकडी दांड्याने घुसळत राहतात. या घुसळायच्या दांड्याला किर्गिझमध्ये बिश्केक म्हणतात. राजधानीचं नाव त्यावरूनच आलं असं सांगतात. म्हणजे आपल्या भाषेत राजधानीचं नाव रवी!

पहिल्या दिवशी दोन घोट पुरेत. नव्या पोटाला ते झेपत नाही आणि रात्री तंबूपासून संडास लांब असतो. मद्य वर्ज्य असेल तर हात छातीवर ठेवून मान हलवा, कुणी आग्रह धरत नाही.

तंबूत रात्र कशी जाते?

या तंबूला बोझ-उय म्हणतात. लाकडी जाळीची भिंत, तिच्यावर वाकवलेल्या दांड्या आणि त्या सगळ्या जिथे जुळतात ते माथ्यावरचं गोल कडं, तुन्दुक. बाहेरून जाड नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेलं कापड. खिळा कुठेच नाही. किर्गिझस्तानच्या झेंड्यावर सूर्याच्या मध्यभागी जे गोल चिन्ह आहे ते हेच तुन्दुक.

सोन-कुलला झाड नाही, मग शेगडीत काय घालतात? तेझेक. शेणाचे वाळलेले तुकडे. मुक्कामाच्या संध्याकाळी एजे बादली घेऊन आत आली, पत्र्याच्या शेगडीत तेझेक रचले, खाली थोडी चिरफळी पेटवली आणि दार लोटलं. पाच मिनिटांत जो वास भरला तो थेट आजोळच्या मागीलदारी पाणी तापवायच्या चुलीचा. आमच्यातल्या एका मावशींनी तर गोवरी उलटी करून बघितली आणि ‘आपल्या थापलेल्या असतात, या फावड्याने कापलेल्या आहेत’ असा निवाडा दिला. बरोबर होता. मेंढ्यांच्या वाड्यात हिवाळाभर तुडवून घट्ट झालेला थर वड्यांसारखा कापून वाळवतात.

शेगडी दोन तासांत विझते. पहाटे तीनला हाडं गोठतात. पांघरुणं ढीगभर देतात, पण लोकरीची टोपी घालूनच झोपा. तुन्दुकवरची पट्टी ओढायची राहिली असेल तर झोपल्या जागी तारे दिसतात.

दाराच्या बरोबर समोरची जागा मानाची. सांगितल्याशिवाय तिथे बसू नका. उंबऱ्यावर पाय देऊ नका, आपल्याकडेही देत नाहीतच. नान पालथा ठेवत नाहीत, जमिनीवर तर नाहीच. चहा अर्धाच प्याला ओततात. हा कंजूषपणा नव्हे. पुन्हा पुन्हा भरता यावा, चहा गरम राहावा आणि पाहुणा बसून राहावा म्हणून. काठोकाठ भरलेला प्याला म्हणजे ‘आता उठा’.

संडास, अंघोळ?

खड्ड्याचा संडास, तंबूपासून पन्नास-शंभर पावलांवर. विजेरी आणि कागद स्वतःचा. अंघोळ वर नाही. खाली गावात बान्या असतो, म्हणजे लाकडावर तापवलेली वाफेची न्हाणी. चार दिवसांनंतर तो स्वर्ग वाटतो.

विरळ हवेचा त्रास होतो का?

तीन हजार मीटरवर बऱ्याच जणांचं डोकं दुखतं, झोप लागत नाही. बिश्केक आठशे मीटरवर आहे. तिथून गाडीने एकाच दिवसात सोन-कुल गाठलं तर त्रासाची शक्यता वाढते. मध्ये एक रात्र कोचकोरला काढा. भरपूर पाणी, पहिल्या रात्री वोडका नको. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या किंवा तोल जायला लागला तर गोळी घेऊन सकाळची वाट बघू नका, खाली उतरा. पाणी उकळलेलंच, ओढा कितीही स्वच्छ दिसला तरी वर मेंढ्या आहेत. डॉक्टर जवळ नसतो, तेव्हा डोंगरातून सुटकेचा खर्च देणारा विमा काढा.

व्हिसा आणि परवाने?

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो, ई-व्हिसाची सोय आहे. अटी बदलत असतात, तिकीट काढण्याआधी सरकारी संकेतस्थळ बघा. चीनच्या सीमेलगतच्या पट्ट्यासाठी वेगळा सीमापरवाना लागतो. कोल-सू तळं किंवा एनिल्चेकची हिमनदी मनात असेल तर एजन्सीमार्फत आधीच अर्ज करा, तिथे जाऊन ऐनवेळी होत नाही. ताश-रबातला परवाना लागत नाही.

पैसे?

चलन सोम. एक सोम म्हणजे ढोबळमानाने एक रुपया, हिशोब सोपा. रुपये घेऊन जाऊ नका, कोरे डॉलर न्या. एटीएम कोचकोर, नारीन, काराकोलपर्यंत. वर सगळं रोख, आणि सुट्टे लागतात. फोनचा सिग्नलही वर भरवशाचा नाही. नकाशे आधीच उतरवून घ्या.

सुरक्षित आहे का? बायकांनी एकटीने जावं का?

मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमावाने हल्ले केले होते, त्यामुळे पालक हा प्रश्न विचारणारच. तो शहरातला आणि विद्यार्थ्यांबाबतचा प्रकार होता. डोंगरात पाहुणा म्हणून मला कधी वावगं जाणवलं नाही. मी पुरुष आहे, तेव्हा माझ्या शब्दावर विसंबू नका. एकट्या गेलेल्या दोन मैत्रिणींचं म्हणणं असं: कुटुंबाच्या घरी राहा, संध्याकाळनंतर प्यायलेल्या पुरुषांपासून लांब राहा, शेअर टॅक्सीत बाई प्रवासी असेल तीच निवडा.

माझ्या मते खरा धोका कुत्र्यांचा. मेंढ्यांची राखण करणारी जनावरं अनोळखी माणूस बघून अंगावर येतात. पळू नका. दगड उचलल्यासारखं वाका, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. तंबूच्या दिशेने हाक मारत, सावकाश जा.

किर्गिझ लोक फक्त किर्गिझस्तानातच आहेत का?

नाही. चीनच्या शिंजियांगमध्ये कीझीलसू हा त्यांचा स्वायत्त प्रांत आहे, ताजिकिस्तानच्या मुर्गाब भागात ते आहेत, आणि अफगाणिस्तानच्या वाखान पट्ट्यात, पामीरच्या पठारावर एक छोटा समूह अजून राहतो. त्यांच्यातलेच हजारभराहून जास्त लोक १९७८च्या अफगाण सत्तांतरानंतर रहमान कुल या म्होरक्यामागून पाकिस्तानात गेले. तिथल्या उकाड्यात माणसं दगावली. अखेर १९८२मध्ये तुर्कस्तानने त्यांना वान प्रांतात वसवलं. त्या गावाचं नाव उलुपामीर, थोरलं पामीर.

विकत काय आणावं?

शिर्दाक, म्हणजे नमद्याचं नक्षीदार जाजम. घोंगडी विणतात, शिर्दाक विणत नाहीत. लोकर ओली करून, लाटून नमदा करतात, रंगवतात, मग दोन रंगांचे थर एकावर एक ठेवून नक्षी एकदमच कापतात. लाल नमद्यातली शिंगाच्या आकाराची नक्षी काळ्यात बसते, काळ्यातली लालात. एका कापणीतून दोन जुळी जाजमं निघतात, रंग उलटे. युनेस्कोने २०१२मध्ये या कलेची नोंद तातडीने जपायला हव्यात अशा वारशांत केली. उलटून टाके बघा: हाताचे टाके किंचित वाकडे असतात. कोचकोरला करणाऱ्या बायकांकडूनच घेता येतं. बॅगेत जागा ठेवूनच जा. मी ठेवली नव्हती, दोन स्वेटर तिथेच देऊन आलो.

यजमानांसाठी काय न्यावं?

चहा नक्की चालतो; तिथे दिवसभर चहाच चालू असतो. मुलांसाठी चॉकलेटपेक्षा रंगपेट्या, वह्या. काजू आवडतात. मी चिवडा नेला होता. आजोबांनी एक चिमूट तोंडात टाकली, डोळ्यांत पाणी आलं, पाठोपाठ दोन प्याले किमिझ घेतलं आणि पिशवी नातवांच्या हाताला लागणार नाही अशी जाळीच्या वरच्या दांडीला बांधून ठेवली. सकाळी पाहिलं तर निम्मी झाली होती.